माग काढणाऱ्याचा नातू

सर वर बघून बोलत नसत. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटायचं, हा माणूस एकतर लाजाळू असावा, नाहीतर गर्विष्ठ. परभणीच्या कृषी विद्यापीठात, कोरडवाहू शेतीच्या विभागात मी रुजू झाले त्या दिवशी सरांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, उजव्या टाचेला लागलंय का काही?"

लागलं होतं. आदल्या आठवड्यात पोखर्णीला देवळाच्या पायरीवरून घसरले होते. माझे वडील त्याच देवळात पूजेला असतात, त्यांना उगीच काळजी नको म्हणून घरीसुद्धा बोलले नव्हते.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"व्हरांड्यात धूळ हाय की. तुमी टाच टेकवायलाच न्हाईत."

विभागाच्या व्हरांड्यातली ती धूळ मुद्दाम ठेवलेली असायची. शिपायाला सक्त ताकीद होती, सर येऊन गेल्याशिवाय झाडू मारायचा नाही. सर सकाळी चालत यायचे, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारायचे आणि मग म्हणायचे, "हं, मार आता." कोण लवकर आलं, कोण साहेबांच्या खोलीबाहेर ताटकळलं, कोण आत न जाताच परत फिरलं, हे त्यांना तेवढ्यात कळलेलं असायचं. त्याचा ते काही उपयोग करत नसत. कुणाच्या चहाड्या नाहीत, टोमणे नाहीत. लोक सकाळी पेपर चाळतात तसं ते व्हरांडा चाळायचे.

बैठकीच्या खोलीबाहेरच्या चपला बघूनच आत कोण आहे ते ओळखायचे, आणि माणसं पसंत नसली तर दारातूनच मागे वळायचे. नंतर विचारलं तर म्हणायचे, "गर्दी लय दिसली." गाडी त्यांनी कधी घेतली नाही. सायकलसुद्धा नाही. स्टेशनपासून विद्यापीठापर्यंतचे रिक्षावाले त्यांना ओळखून होते, "बसा की सर" म्हणायचंही त्यांनी सोडून दिलं होतं. "गाडीत बसलं की खालचं पळायलंय," एवढंच त्यांचं म्हणणं.

विद्यार्थी त्यांना घाबरून असत. एकदा एकानं ज्वारीच्या प्लॉटमधल्या झाडांची उंची मोजून आणली. आकडे सुरेख होते. सरांनी कागद बाजूला ठेवला, त्याला शेतात नेलं आणि ओळींमधली ओली माती दाखवून म्हणाले, "परवा पाऊस झाला. त्यानंतर हिथं मी आलोय, मजूर बाया आल्यात, एक कुत्रं येऊन गेलंय. तू कुठून मोजलंस?" पोरगं खाली मान घालून उभं राहिलं. सर रागावले नाहीत. "जा, चक्कर मारून ये. नुसता चाल. मोजू नको आज," म्हणाले. तो पुढं आमच्याच विद्यापीठात चांगला संशोधक झाला, आणि अजूनही शेतात शिरताना आधी खाली बघतो.

हे कुठं शिकलात, असं विचारलं की उत्तर एकच. "सवय हाय." त्यापुढं कुणी खोदायला लागलं की सरांचा चेहरा बंद व्हायचा.

एका घटनेनं मात्र मी बुचकळ्यात पडले होते. आमच्या प्रक्षेत्रावरच्या विहिरीची मोटार चोरीला गेली. तपासाला आलेला फौजदार सरांचाच जुना विद्यार्थी. त्याला सरांची ख्याती माहीत होती, त्यानं हात जोडले. "सर, तुमी एकदा नजर टाका. आमचं काम सोपं होईल." सर विहिरीच्या काठावर गेले. बांधावरून दहा-बारा पावलं चालले, थांबले, मान तिरकी करून शेतांमधल्या पांदीच्या वाटेकडं बघितलं. मी जवळच होते. सरांना सगळं दिसलंय हे मला दिसत होतं. मग ते मागे फिरले आणि म्हणाले, "मला काय कळायलंय त्यातलं. मी ज्वारीवाला माणूस." आणि तडक निघून गेले. फौजदार बिचारा माझ्याकडं बघत राहिला.

सरांचं मूळ गाव झरी. वडील तिथंच राहायचे, धाकट्या भावाकडं. आयुष्यभर शाळामास्तर, निवृत्त होऊन तीस वर्षं झालेली, तरी इस्त्रीचा सदरा घातल्याशिवाय ओसरीवर यायचे नाहीत. सर त्यांना दादा म्हणत. एकदा कामानिमित्त सरांबरोबर झरीला गेले तेव्हा एक नवल बघितलं. अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस वडिलांसमोर खुर्चीच्या कडेवर बसला होता, आणि जितका वेळ तिथं होता तितका वेळ त्यानं एकदाही जमिनीकडं बघितलं नाही. समोरच्या भिंतीवर नजर रोवून बसला होता. मला ते इतकं विचित्र वाटलं की परतताना विचारलंच.

"दादांना आवडत न्हाई," सर म्हणाले. विषय संपला.

त्यानंतर वर्षाच्या आतच आम्हा दोघांना ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठात प्रशिक्षणाला पाठवलं. कमी पावसाची शेती, हा विषय. सरांनी बॅगेत ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. तिथल्या गुळगुळीत फरशांवर माणसांचे पाय उमटत नाहीत म्हणून पहिले काही दिवस ते अगदी कावरेबावरे होते. "ताई, हितं कोण आलं न् कोण गेलं, काहीच खबर लागंना," म्हणायचे.

शेवटी दोन दिवस सुट्टी मिळाली. बाकीचे प्रशिक्षणार्थी समुद्र बघायला निघाले. आमचे यजमान, तिथलेच एक मृदाशास्त्रज्ञ, त्यांनी सरांना विचारलं की काय बघायला आवडेल. सरांनी नकाशावर आतल्या बाजूला, जिथं गावांची नावंच नव्हती तिथं बोट ठेवलं. "इथं काय आहे?" यजमान म्हणाले, वाळवंट आहे. एक राष्ट्रीय उद्यान आहे, आटलेलं तळं आहे, आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या हजारो वर्षांच्या खुणा आहेत. जुने पाय आहेत.

"पाय?" सर म्हणाले. बेत तिथंच ठरला.

डांबरी रस्ता संपल्यावर लाल मातीचा रस्ता सुरू झाला. दोन्ही बाजूंना राखाडी खुरटी झुडपं, मधूनच उड्या मारत जाणारे कांगारू, आणि आभाळ इतकं मोठं की गाडी हलतेय की नाही कळू नये. सर खिडकीला नाक लावून बसले होते. तळं म्हणजे एक विस्तीर्ण सपाट मैदान. पाणी आटून हजारो वर्षं झालेली. त्याच्या एका कडेला वाऱ्यानं रचलेली वाळूची टेकडी, चंद्रकोरीसारखी वळत गेलेली. तिथं एकट्यानं फिरायला परवानगी नव्हती. उद्यानाच्या एक रेंजरबाई आमच्याबरोबर आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, डोक्यावर रुंद काठाची टोपी. त्या याच भूमीच्या मूळ लोकांपैकी होत्या. टेकडीवर पाय ठेवण्याआधी त्या आपल्या भाषेत मोठ्यानं काहीतरी बोलल्या. मग आम्हाला म्हणाल्या, "माझ्या पूर्वजांना सांगितलं, पाहुणे आलेत, चांगले लोक आहेत."

"चांगले हे कशावरून?" सरांनी विचारलं. सरांचं इंग्रजी परभणीच्याच चालीचं होतं, पण अडत नसे.

"झुडपांवर पाय न देता चालताय, त्यावरून," त्या म्हणाल्या. आणि दोघंही हसले.

खरे पाय बघायला मिळाले नाहीत. ऊन-वाऱ्यानं झिजू नयेत म्हणून ते पुन्हा वाळूखाली झाकून ठेवले होते. लोकांसाठी त्यांचा हुबेहूब साचा जमिनीवर मांडला होता. ओल्या चिखलातून गेलेली माणसं, हजारो वर्षांपूर्वीची. बोटं, टाचा, चिखलात घसरलेले पाय, सगळं स्वच्छ. रेंजरबाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "काय दिसतं?"

सर उकिडवे बसले. मग एकेका पावलावर बोट न टेकवता, हवेतूनच दाखवायला लागले. "हा पळतोय. उंच माणूस, जोरात पळतोय, बोटं रुतलीत बघा. ही बाई आहे, हळू चाललीय, घाई नाही. हे लहान लेकरू." आणि मग ते त्या छोट्या पावलांबरोबर उकिडवेच सरकत गेले. "हे सगळ्यांना सोडून इकडं आलं. इथं थांबलं. वळलं." वर बघून म्हणाले, "कुणीतरी हाक मारलीय त्याला."

रेंजरबाईंनी टोपी काढली. "आमच्या म्हाताऱ्यांनी हेच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणी शिकवलं?"

मला वाटलं, सर आता 'सवय' म्हणतील. पण ते रेंजरबाईंबरोबर सावलीतल्या बाकावर जाऊन बसले आणि बोलायला लागले. इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं, त्यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं.

त्यांचे आजोबा गावाचे माग काढणारे होते. निजामाच्या राज्यात झरीत चोरी झाली की त्यांना बोलावणं यायचं. चोराच्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचं, आणि माग दुसऱ्या गावात शिरला की त्या गावाच्या हवाली करायचा. हे काम त्यांच्या जातीवर लादलेल्या अनेक कामांतलं एक. मोबदला म्हणजे सुगीला खळ्यावर मिळेल ते. आजोबांचं नाव आसपासच्या गावांत होतं. आणि एके दिवशी त्यांची नजर गेली. पाटलाच्या खळ्यावरून धान्य चोरीला गेलं आणि आजोबांना माग लागला नाही. गावानं हसून घेतलं. त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. पुढं छप्पन्न साली सगळ्या वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारला, गावकीची कामं सोडली. सरांचे वडील शिकून मास्तर झाले. पण आजोबा मरेपर्यंत पोरं त्यांच्या मागं ओरडायची, "म्हाताऱ्या, माग लागला का?"

"माझ्या वडिलांना त्यांची लाज वाटायची," सर म्हणाले. "त्या कामाचीही, आणि त्यात हरल्याचीही. मी सहा-सात वर्षांचा असताना आजोबा मला ओढ्याकाठी न्यायचे, पाय ओळखायला शिकवायचे. एकदा चावडीसमोर, चार माणसांत, मी धुळीत बघून सांगायला लागलो, हा अमका, तो तमका. वडिलांनी सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. उभ्या आयुष्यात एकदाच मारलं त्यांनी मला. त्यानंतर त्यांच्यासमोर मी खाली बघत नाही."

रेंजरबाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आजोबांची नजर तुमच्या जन्माआधीच गेली होती ना?"

"हो."

"मग तुम्हाला शिकवलं कुणी?"

सरांची नजर साच्यातल्या त्या छोट्या पावलांकडं गेली. इतका साधा प्रश्न.

त्याच पुढं म्हणाल्या, "माझे आजोबा पोलिसांसाठी माग काढायचे. काढावाच लागायचा. कधी हरवलेल्या लोकांचा, कधी पळून गेलेल्या आमच्याच माणसांचा. त्यांच्याइतकं तरबेज कुणी नव्हतं म्हणतात. पण काही दिवस असे असायचे की त्यांना काहीच दिसायचं नाही. पोलीस शिव्या द्यायचे. घरातले काही लोक म्हणतात, म्हाताऱ्याचं वय झालं होतं. माझी आई म्हणायची, त्या दिवसांत त्यांची नजर सर्वांत चांगली होती."

परतीच्या वाटेवर सर बाहेर बघत होते, पण बघत होते असं वाटलं नाही. एकदाच म्हणाले, "ताई, पन्नास वर्षांत मला हे सुचलं न्हाई."

परभणीला आल्यावर दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी सर माझ्या दारात. "तुमची गाडी काढता का? झरीला जायचंय." जो माणूस एरवी गाडीत बसत नाही तो स्वतःहून गाडी मागतोय म्हटल्यावर मी काही विचारलं नाही. वाटेत म्हणाले, "दादांसमोर माझी जीभ रेटत न्हाई. तुमी सांगा. तुमी हुतात तिथं."

दादा ओसरीवर बसले होते. नव्वदीच्या जवळ आलेले, हातात भिंग आणि पेपर. मी सांगत गेले. तळं, टेकडी, चिखलातले पाय, वळलेलं लेकरू. दादा पेपरची घडी घालून ऐकत होते, आणि सर भिंतीकडं बघत होते. रेंजरबाईंच्या आजोबांचं सांगितलं, काही दिवस त्यांना दिसायचं नाही तेही सांगितलं. तेव्हा दादांनी विचारलं, "पोलीस मारायचे का त्यांना?"

"शिव्या द्यायचे म्हणाल्या."

दादांनी मान हलवली. मग सरांकडं वळले. "अन् तू काय सांगितलंस तिला? आबाची नजर गेली म्हणून?"

"सगळं गाव तेच म्हणायचं, दादा."

"गावानं म्हणावं म्हणूनच केलं ते त्यांनी."

सून चहा घेऊन आली, कप ठेवून गेली. कपाला कुणी हात लावला नाही. दादा बोलायला लागले तेव्हा त्यांची मास्तरकीची शुद्ध भाषा हळूहळू सुटत गेली.

"मी तिसरीत होतो. आबाबरोबर खळ्यावर गेलो होतो त्या दिवशी. मला बी शिकवलेलं होतं त्यांनी, तुला शिकवायच्या लय आधी. पाटील उभा होता, गावातली माणसं उभी होती. अन् माग तर असा ठळक, आंधळ्याला दिसावा. एक बाई. जाताना हलकी, येताना डोक्यावर ओझं, टाचा रुतलेल्या. तिच्या बाजूनं एक लेकरू, अनवाणी. ओढ्यातून वर चढून आपल्या वस्तीकडं गेलेले. मी ओळखलं ती कोण ते. लेकराला बी ओळखलं, माझ्याबरोबर खेळायचं ते. मला लय आनंद झाला, मला आधी दिसलं म्हणून. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबानं माझा दंड धरला. असा धरला की हाड मोडतंय वाटलं. अन् पाटलाला म्हणाले, मालक, माग लागंना गेला. वारं लय झालं."

"वारं होतं?" मी विचारलं.

"पान हलत नव्हतं, ताई." दादांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. "त्या साली पाऊस न्हाई, कामं न्हाईत. त्या बाईचा नवरा वारला होता. पाटलाला कळलं असतं तर तिला वस्तीतून काढलं असतं, काय काय केलं असतं. आबानं आपलं नाव घालवलं अन् तिला ठेवलं. मरेपर्यंत पोरासोरांचं ऐकून घेतलं. ती बाई समोरून जायची तर ते तिच्याकडं बघायचे सुद्धा न्हाईत. तिला कळू नये, ह्यांना माहीत हाय म्हणून."

सर आता भिंतीकडं बघत नव्हते. "मग मला का मारलंत?" त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा आला. "मला वाटलं तुमाला लाज वाटायलीय. आबाची. माझी."

दादांना हे नवीन असावं. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून मुलाकडं बघितलं.

"चावडीसमोर मोठ्यानं सांगायलास तू," ते म्हणाले. "हा कुठून आला, तो कुणाच्या घरी जाऊन आला. माणसं हसून ऐकायलीत. उद्या त्यांनी तुला ओढ्यावर नेलं असतं, पोरा, हे बघ कुणाचं हाय म्हणून. अन् तू सांगून टाकलं असतंस. लेकरू होतास. मी बी सांगून टाकणारच होतो की. आबाचा हात नसता तर मी सांगितलं होतं."

मग म्हणाले, "मला दंड धरायला जमलं न्हाई. मी मारलं."

सरांनी हात लांब करून वडिलांच्या गुडघ्यावर ठेवला. तसा हात त्यांनी याआधी कधी ठेवला असेल असं वाटत नव्हतं, कारण दादा त्या हाताकडं जरा चमकूनच बघत होते. पण त्यांनी पाय हलवला नाही.

निघताना दादा माझ्याशी बोलले. "त्या बाईची नातवंडं चांगली निघाली, ताई. शिकली. त्यातला एक तर ह्याच्याच हाताखाली शिकून गेला तुमच्या विद्यापीठात. मोठ्या जाग्यावर हाय." कोण ते त्यांनी सांगितलं नाही.

सर निवृत्त झाले त्याच हिवाळ्यात दादा गेले. मी झरीला गेले तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. वस्तीतली, गावातली, परभणीहून आलेली, दादांच्या हाताखालून गेलेल्या तीन पिढ्या. वंदना झाली, माणसं पांगायला लागली. सर एका बाजूला सतरंजीवर बसले होते, मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. काही वेळानं मी हळूच विचारलं, "ती बाई कोण, ते विचारलंत का हो शेवटी?"

"न्हाई."

"सांगितलं असतं त्यांनी तुम्हाला."

"सांगितलं असतं," सर म्हणाले. "म्हणूनच न्हाई विचारलं."

दारात आणखी काही माणसं आली होती. सर उठले आणि त्यांना पाणी द्यायला गेले.